टायर कुठला टाकलास?

मोबाइल घ्यायचा तर आपण आठ जणांना विचारतो. हेडफोनसाठी रात्र रात्र रिव्ह्यू बघतो. शुक्रवारी बिर्याणी कुठून मागवायची यावर तर ऑफिसात रीतसर मतदान होतं. आणि टायर? टायर कोणी ‘घेत’ नाही. ते गाडीबरोबर येतात आणि गुळगुळीत झाले की दुकानदार देईल ते बसतात. गाडीचा टचस्क्रीन किती इंचांचा हे सगळ्यांना पाठ असतं. टायर किती इंची विचारा, समोरचा असा बघतो, जणू तुम्ही त्याचा पगार विचारलाय!

पण एकदा विषय निघू द्या. मग बघा. प्रत्येकाकडे एक मत असतं आणि ते जाम पक्कं असतं. ‘अमुक कंपनीचा टाक, डोळे मिटून’ असं एक जण म्हणतो. ‘तो? फुकट दिला तरी घेऊ नकोस,’ असं दुसरा म्हणतो. तिसऱ्याच्या मते परदेशी सोडून बाकी सगळं रबर म्हणजे खोडरबर. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात.

माझ्या वॅगन-आरला यंदा पावसाळ्यापूर्वी चार टायर टाकायचे होते. पाच वर्षं आणि ४४ हजार किलोमीटर झाले होते. माहेर महाडला. म्हणजे महिन्यातून दोनदा तरी ताम्हिणी घाट, आणि जुलैतला ताम्हिणी म्हणजे धुकं, धबधबे, सेल्फीवाले आणि वळणावर अचानक उभी असलेली गाडी. मागच्या सीटवर पाच वर्षांची लेक. तेव्हा ‘दुकानदार देईल ते’ चालणार नव्हतं. म्हणून सरळ सर्व्हे सुरू केला. ज्याच्याकडे छोटी गाडी, त्याला एकच प्रश्न... टायर कुठला टाकलास?

(कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाहीये. का, ते पुढे कळेलच.)

पहिला नंबर आमच्या एचआरमधल्या मैत्रिणीचा. ती रोज कोथरूड ते हिंजवडी जाते, गाडी टियागो. मी विचारलं मात्र, तिने डबा बाजूला ठेवला. “अगं, नाव काढू नकोस! चौदा हजारात टायर खलास. आतून पार तारा दिसायला लागल्या होत्या. तारा! वरून बघितलं तर नक्षी मस्त. सर्व्हिसिंगवाल्याने गाडी वर उचलली तेव्हा कळलं.” आणि मग त्या कंपनीचा जो काही उद्धार झाला, तो छापण्याजोगा नाही.

त्याच संध्याकाळी ऑफिसच्या ड्रॉप कॅबमध्ये ड्रायव्हरदादांना तोच प्रश्न विचारला. त्यांची वॅगन-आर सीएनजी, पुणे-मुंबई-पुणे सारखं चालू. “मॅडम, ह्या सेटवर ५५ हजार झालेत. अजून पाच जातील.” कंपनी कुठली? तीच! मॉडेलसुद्धा तेच!

आता बोला.

एकच टायर एकीला चौदा हजार आणि दुसऱ्याला ५५ हजार? मैत्रीण खोटं बोलत नव्हती, दादाही नाही. फरक टायरमध्ये नव्हताच. टायर फक्त आतल्या कडेनेच झिजतो तेव्हा बहुतेक वेळा चाकाची दिशा बिघडलेली असते. कुठल्या तरी खड्ड्यात गाडी दणकून आदळते, चाकं एकमेकांना समांतर राहत नाहीत, आणि मग टायर गोल फिरण्याबरोबर प्रत्येक मीटरला थोडा थोडा आडवा घासला जातो. यालाच अलाइनमेंट गेलं म्हणतात. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, पण दरवेळी ओढतंच असं नाही. हिंजवडीच्या रोजच्या रस्त्यावर असा एखादा दणका बसणं म्हणजे काही बातमी नव्हे. दादांचा हिशेब मात्र पक्का होता... दर पाच हजाराला अलाइनमेंट आणि दहा हजाराला पुढचे टायर मागे, मागचे पुढे. शिवाय एक्स्प्रेस-वेवर सरळ सपाट धावायचं. टायर सगळ्यात जास्त झिजतो तो ब्रेक मारताना, जोरात पिकअप घेताना आणि वळताना. म्हणजे आपण सिग्नल ते सिग्नल जे करतो ते!

तेव्हा कोणी ‘माझे टायर इतके चालले’ म्हणालं की त्याला पहिला प्रश्न विचारायचा, चालले कुठे?

आमच्या सोसायटीतले काका हा आणखी एक नमुना. बँकेतून रिटायर्ड, गाडी अल्टो, वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर. भाजी मंडई, देवळात आणि दिवाळीला नाशिकला मुलीकडे. “आठ वर्षं झाली बाळ, अजून नक्षी बघ. याला म्हणतात टायर!” नक्षी खरंच होती. पण मी वाकून बाजूने बघितलं तर रबराला बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारख्या. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन, हवेतला ओझोन, उष्णता यांनी ते कडक होत जातं. कडक रबर झिजत नाही, हे खरं. पण ते ओल्या रस्त्याला धरतही नाही. काकांचा टायर टिकला, याचं एक कारण असंही होतं की तो टायर हळूहळू टायर राहिलाच नव्हता.

वय कसं ओळखायचं? टायरच्या बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत बसवलेली असते! पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर दाखवून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही सुंदर असली तरी ते काढून टाकावेत, असं टायरवाले सांगतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे माझ्यासारखंच. वरून ठीक.” मग स्वतःच हसले आणि त्या रविवारी टायर बदलून आले.

टेस्टिंग टीममधल्या पोराची केस मात्र निराळी. त्याची स्विफ्ट. कंपनीने दिलेले टायर १६५/८० आर १४. साहेबांना ते ‘सायकलचे’ वाटले. म्हणून अलॉय आणि १९५/६५ आर १५. दिसायला गाडी भन्नाट, यात वाद नाही. पण लिटरला वीस देणारी गाडी अठरावर आली, पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड झालं आणि चार जण बसून खड्ड्यात गेली की आतून खर्रर्र! “टायर बकवास आहे यार,” असा त्याचा निकाल.

बिचारा टायर! त्या आकड्यांची भानगड एकदाच समजून घेऊ, फार सोपी आहे. १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचांत. (एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच. हे असं का, ते कुणाला विचारू नका.) आता कॅल्क्युलेटर काढा. १६५/८० आर १४ चा पूर्ण व्यास येतो सुमारे ६२० मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच देते तो १८५/६५ आर १५, त्याचा येतो साधारण ६२२. दोन मिलिमीटरचा फरक! म्हणजे कंपनीने डिस्क मोठी केली, रुंदी वाढवली, पण भिंत बुटकी करून चाक तेवढंच ठेवलं. आमच्या पोराच्या टायरचा व्यास ६३४ च्या पुढे जातो. चाक दोन टक्क्यांहून जास्त मोठं. म्हणून ते आत घासतं, आणि स्पीडोमीटरवर १०० दिसतात तेव्हा काटा आधीच्या मानाने दोन-अडीच किलोमीटर कमी दाखवत असतो. रुंदी वाढली की वजन आणि ओढ वाढते, ॲव्हरेज त्यात जातं. रुंद टायर घालायचाच असेल तर आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कुठला येतो ते बघावं. इंजिनीअर लोकांनी तो अभ्यास आधीच करून ठेवलेला असतो.

छोट्या गाडीवाल्यांची खरी रड मात्र वेगळी आहे. आपल्या साइजमध्ये चॉइसच नाही! १२ आणि १३ इंची टायरमध्ये दुकानात तीन-चार मॉडेल असतात, आणि त्यातली बहुतेक ‘जास्त टिकेल, ॲव्हरेज देईल’ या जातीची. ओल्या रस्त्यावर घट्ट धरणारी, कमी आवाजाची भारी मॉडेल्स सुरू होतात १५-१६ इंचांपासून. जणू अल्टोवाला पावसात ब्रेक मारतच नाही. आणि नॅनोवाल्यांचं तर विचारूच नका. इंजिन मागे, म्हणून मागचे टायर १५५/६५ आणि पुढचे १३५/७०, दोन्ही १२ इंची. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे हा सगळा कार्यक्रमच बाद. गाडी आता बनत नाही. ज्यांनी अजून जपून ठेवलीय त्यांना टायर शोधण्याचा छंदही आपोआप लागतो.

सर्व्हे करता करता एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. मी पंधरा-सोळा जणांना विचारलं. सगळ्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. किती चालला, ॲव्हरेज किती दिलं, आवाज किती करतो. पावसात गाडी किती अंतरात थांबते, हे एकानेही सांगितलं नाही. एकानेही!

कारण सरळ आहे. किलोमीटर मोजता येतात, पेट्रोल मोजता येतं. ओल्या रस्त्यावरचा ब्रेक ही काही रोज मोजायची गोष्ट नाही. ती एखाद्या दिवशी एकदाच मोजली जाते, आणि तेव्हा नोंद ठेवायला कोणाला सवड नसते.

म्हणून कागदावरच मोजूया. गाडी ताशी ६० ने चाललीय, रस्ता ओला. चांगला धरणारा टायर असेल तर घर्षणाचा आकडा ०.७ धरू, कमी धरणारा असेल तर ०.५. अकरावीतलं फिजिक्स लावलं तर पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते, दुसरी २८ मीटरमध्ये. फरक आठ मीटरचा, म्हणजे दोन वॅगन-आर एकामागे एक उभ्या करा, तेवढा. पण खरा धक्का पुढे आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ३२ असतो. बत्तीस! समोर ताम्हिणीतल्या वळणावर कोणीतरी भजी खायला गाडी उभी केली असेल तर हा आकडा कुठे जाऊन थांबणार ते सांगायला नको. एबीएस आहे ना, असं म्हणाल. आहे. २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. रस्ता धरायचं काम शेवटी टायरचं.

आणि तो धरतो कितीशा जागेत? गाडीचं माणसांसकट वजन हजार किलो धरा. एका चाकावर अडीचशे. टायरमध्ये ३० पॉइंट हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.१ किलोचा दाब. भागाकार केला की येतात सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. आपलं टपाल खात्याचं पोस्टकार्ड असतं ना, साधारण तेवढं. चार पोस्टकार्डांवर आपण, आपली लेक, आईने दिलेले आंबे आणि बँकेचं कर्ज, सगळं चाललेलं असतं!

या पोस्टकार्डाखालचं पाणी बाजूला ढकलायला नक्षीच्या खाचा असतात. नव्या टायरला त्या सात-आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने कारला १.६ मिलिमीटर तरी हव्यातच. खाचांमध्ये जागोजागी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. कडेला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेलं असतं, त्याच्या रेषेत शोधा, सापडतील. पण पावसाला १.६ मिलिमीटरचा नियम माहीत नसतो. पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून जाणकार लोक तीन मिलिमीटरला बदला म्हणतात. माझे टायर होते साडेतीनला. ऑक्टोबरपर्यंत सहज गेले असते. पण मधला जुलै कुणी बघितलाय?

“पण मग पैसे?” हा प्रश्न मला नवऱ्याने विचारला. रास्त आहे. त्यालाही हिशेब करून दाखवला. समजा चार टायरचा सेट १२ हजाराला आला आणि ४० हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला पडतात तीस पैसे. पेट्रोल सोपं म्हणून १०५ धरू. लिटरला अठरा देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे पाच रुपये ८३ पैसे लागतात. अठराचं सतरा झालं तर सहा रुपये १८ पैसे. म्हणजे ॲव्हरेज एका किलोमीटरने पडलं तर जे ३५ पैसे जातात, ते टायरच्या पूर्ण किमतीपेक्षा जास्त आहेत! आणि ॲव्हरेज पाडायला महागडा टायर कशाला, हवा कमी असली की काम झालं. सेटमागे दोन हजार वाचवण्यासाठी आपण दुकानात घासाघीस करतो आणि महिनोन् महिने हवा बघत नाही, हे आपलं अर्थशास्त्र.

एक मात्र खरं, की टिकाऊपणा, ॲव्हरेज आणि ओल्यातली पकड या तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये पूर्ण मिळत नाहीत. एक ओढली की दुसरी सैल होते. गाडीबरोबर येणारे टायर बहुधा ॲव्हरेजकडे झुकलेले असतात, कारण गाडी विकताना तोच आकडा लागतो. रबरात सिलिका घालून हे गणित बरंच सुधारलंय, पण सुटलेलं नाही. तेव्हा कोणी ‘ऑल इन वन’ म्हणून विकत असेल तर गोड हसावं.

आता हवा. यात तर काय एकेक फंडे आहेत! पंपावरचा पोरगा विचारतो, “तीस-तीस टाकू?” आपण मान हलवतो. गाडी कुठली, माणसं किती, काही नाही. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि फुल लोडसाठी वेगळा. टायरच्या अंगावर छापलेला असतो तो कमाल दाब, तो भरायचा नसतो. शिवाय हवा मोजायची ती थंड टायरमध्ये, सकाळी निघताना. दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आत हवा गरम होऊन फुगलेली, आकडा बरोबर दिसतो आणि रात्री खरा उघडा पडतो. साधारण पाच-सहा अंशांमागे एक पॉइंट, असं गणित आहे. आणि काही न होतासुद्धा महिन्याला एखादा पॉइंट हळूच निघून जातोच.

नायट्रोजन? आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, वाईट काही नाही. पण ‘नायट्रोजन भरलाय’ म्हणून सहा महिने गेज न लावणारे बघितले की त्यापेक्षा सायकल पंप बरा वाटतो.

सगळ्यात डेंजर फंडा म्हणजे ‘उन्हाळ्यात दोन पॉइंट कमी ठेव, हवा फुगून टायर फुटतो.’ माझ्या सर्व्हेत निम्म्या लोकांनी हे छातीठोकपणे सांगितलं, त्यात एक मेकॅनिकल इंजिनीअरसुद्धा. होतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि तापून फाटते. योग्य हवेचा टायर ऊन धरून बनवलेलाच असतो. समृद्धी महामार्ग बघा ना. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा होऊन पूर्ण ७०१ किलोमीटर. सिमेंटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन आणि कारला १२० ची मर्यादा. तिथे टायर फुटायला लागल्यावर २०२३ मध्ये आरटीओवाले चक्क टायर तपासून गुळगुळीतवाल्यांना परत पाठवू लागले. आपल्या १३ इंची टायरवर ‘७९ टी’ लिहिलेलं असतं. त्यातला ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो पेलतील आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० पर्यंत चालेल. म्हणजे १२० ला घाबरण्यासारखं काही नाही. पण हा वायदा आहे नव्या, धडधाकट, पुरेशी हवा असलेल्या टायरचा. आठ वर्षं जुना, बावीस पॉइंटवर, पाच माणसं आणि डिकीत सीएनजीचा सिलिंडर... अशा टायरशी कंपनीचा काही करार नाही.

शेवटी नाना पेठेत गेले. दुकानातले काका मुरलेले. आधी बसायला स्टूल आणि चहा, मग “ताई, गाडी कुठे चालते?” हाच तो प्रश्न! सर्व्हेतल्या सोळातल्या एकानेही मला तो उलट विचारला नव्हता. मी म्हटलं, शहर आणि ताम्हिणी. त्यांनी १५५/८० आर १३ मध्ये दोन काढून दाखवले. “हा पन्नास हजार जाईल. हा चाळीसच, पण पाण्यात चांगला.” मी चाळीसवाला घेतला. डीओटीचे आकडे बघितले तर एका टायरचे सव्वा वर्ष जुने, तर त्यांनी न बोलता दुसरा काढून दिला. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे बिलही आधीपेक्षा सुसह्य.

तिथेच आणखी एक ज्ञान मिळालं, ते दोनच टायर बदलणाऱ्यांसाठी. आपल्याकडे नवे दोन हमखास पुढे टाकतात, कारण पुढचे जास्त झिजतात. टायर कंपन्या मात्र सांगतात, नवे मागे टाका. पुढचे घसरले तर गाडी सरळ जायला बघते, आपण वेग कमी करून सावरू शकतो. मागचे घसरले तर शेपूट बाहेर येतं आणि गाडी गिरकी घेते, घाटात ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. काका म्हणाले, “सांगतो मी सगळ्यांना. दहातले नऊ जण म्हणतात, पुढेच टाका.”

बाजूला एक जण कोकणातून आलेला, टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा. त्याला तो ‘पंक्चर काढून’ हवा होता! फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, त्याला इलाज नाही. तो कधी फुटेल याची फक्त वेळ ठरायची असते. भिंतीतलं पंक्चरही काढत नाहीत, फक्त नक्षीच्या पट्ट्यातलं निघतं. त्या भावाने आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग खड्ड्याला, मग आमदाराला. क्रम मला जरा उलटा वाटला.

जुन्या चारातला एक जरा बरा होता, तो स्टेपनीला ठेवू का, म्हणून विचारलं. काका नको म्हणाले. स्टेपनी पाच वर्षांत वापरलीच नव्हती, तीच ठेवा, फक्त हवा भरा. होते अठरा पॉइंट! बाय द वे, स्टेपनी हा शब्द आपला वाटतो ना? तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. १९०४ च्या सुमारास तिथल्या दुकानाने जादा चाक विकायला सुरुवात केली. तिकडे लोक तो शब्द विसरले, आपल्या पंक्चरवाल्यांनी जपला. २०२० मध्ये तर सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते. ताम्हिणीत मोबाइलला रेंज येईपर्यंत मी तरी ती ठेवणार आहे.

त्या दिवशी घरी येताना एक साधा गेज घेतला, खिशात मावेल एवढा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चार टायर आणि स्टेपनी, पाच मिनिटांत होतं. लेक आकडे वाचते. मग काकांनी त्यांच्या अल्टोचे मोजून घेतले. सोमवारी एचआरवाली म्हणाली, दोन दिवस दे. तिच्याकडून तो टेस्टिंगच्या पोराकडे गेला आणि त्याच्याकडून ड्रायव्हरदादांकडे. “मॅडम, तुमचा गेज एक पॉइंट जास्त दाखवतो,” असा दादांचा निरोप आलाय. गेज अजून आलेला नाही.